आतली तार, बाहेरची तार

सोमवार, १२ ऑगस्ट
जहाजावरून, किनारा दिसेनासा झाल्यावर

जॅस,

फोनवर बोललो की तिसऱ्या वाक्याला आपण भांडतो, म्हणून लिहितेय. जहाजावरचं इंटरनेट रडतखडत चालतं, पण मेल जाते. निदान गेली असं ते म्हणतं.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर शेवटपर्यंत त्याच्याभोवती घिरट्या घालत बसेन. येत्या रविवारी सकाळी आमचं जहाज ब्रिस्बेनला परत येईल. घरची, बंडाबर्गची गाडी संध्याकाळी आहे. धक्क्यापासून तुझं घर जवळ. मधला दिवस आजीला घेऊन तुझ्याकडे येऊ का? तुझा ओटिस आता चालतो, बोलतो, आई म्हणते शिव्याही देतो. आजीने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याची मानसुद्धा धरलेली नव्हती.

आजीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर तिला कळणारही नाही. आम्ही स्टेशनवर सँडविच खात बसू. पण हो किंवा नाही, काहीतरी लिही. नुसतं गप्प राहिलीस तर मी दोन्ही बाजूंनी विचार करत बसेन, आणि माझं तसं बसणं कसं असतं ते तुला माहीत आहे.

ही सहल आजीला, ती हिरवळीवर चेंडू खेळते त्या बोल्स क्लबच्या सोडतीत लागली हे आईने सांगितलं असेलच. तिकीट दोघांचं होतं. मला निवडलं ते लाडाने नव्हे, कामगिरीवर. आई म्हणाली, "आयुष्यभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुतल्यान् तिने. निवृत्त झाली ती गल्लीचे कपडे धुवायला लागली. हा एक आठवडा तिने मळक्या कपड्याला हात लावता कामा नये. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकेल." आपल्या घरात मी एकटीच विद्यापीठात गेल्यामुळे असली कामं माझ्याकडे येतात. जणू काही आजींना आवरण्याचा एक विषय तिथे सक्तीचा होता.

तर कळवायला आनंद होतो की आजी आराम करतेय. वरच्या डेकवर खुर्चीत बसते आणि समुद्र बघते. काल म्हणाली, एवढं पाणी आणि सगळं खारं, काय उपयोग.

तुझी,
तालिया


बुधवार, १४ ऑगस्ट
पोर्ट व्हिला

जॅस,

तुझं उत्तर आलेलं नाही. हरकत नाही. म्हणजे हरकत आहे, पण तो या पत्राचा विषय नाही.

मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करायचं आहे. 'आजी आराम करतेय' हे मी लिहिलं ते अर्धंच खरं होतं. मी ते पत्र लिहीत होते तेव्हा आजी लाँड्रीत होती, आणि हे मला माहीत होतं. आता बरं वाटलं.

आमच्याच मजल्यावर प्रवाशांसाठी एक लाँड्री आहे. वॉशिंग मशीन, ड्रायर, इस्त्रीच्या फळ्या, सगळं. तिची पाटी कोपऱ्याआड आहे. नकाशा बघूनही ती मला सापडत नव्हती. आजी पहिल्याच दिवशी सरळ चालत गेली. मला वाटतं तिला साबणाचा वास आला असावा.

तिथला नियम असा की मशीन थांबलं आणि कपड्यांचा मालक जागेवर नसला, तर पुढच्याने ते कपडे काढून वर टोपलीत ठेवायचे. एवढं साधं, पण मला जमत नाही. अनोळखी माणसाच्या बनियनला हात लावायचा म्हणजे त्याला न विचारता त्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. मी मालकाची वाट बघत उभी राहते, आणि मागून आलेली माणसं माझ्या पुढे जाऊन धुऊन वाळवून निघून जातात. एका बाईंनी मला इथे काम करणारी समजून डाग दाखवला. मी तो काढून दिला.

आजीचं उलटं. तिचं टोपलीवर भागत नाही. दुसऱ्याचे ओले कपडे ती ड्रायरमध्ये टाकते, वाळले की घड्या घालते, आणि हाताशी इस्त्री मोकळी असेल तर इस्त्रीही करते. आणि घड्या कशा, तुला सांगायला नको. हॉस्पिटलच्या. चादरीची कडा सुरीसारखी. लोक येतात तर त्यांच्या पोहायच्या चड्ड्यांना मधोमध इस्त्रीची धार.

आता जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नाही. कुणी म्हणतं जहाजाचेच लोक करतात, कुणी म्हणतं कुणीतरी विक्षिप्त आहे. समोरच्या केबिनमधले डेस म्हणून आहेत, नौदलातून निवृत्त झालेले, एकटेच आलेत. त्यांच्या जीन्सला पुढून धार पडली. ते मला म्हणाले, "पोरी, मी तीन समुद्र पाहिले, पण जीन्सला इस्त्री करणारा माणूस नाही पाहिला." मी सॅलडमध्ये तोंड घातलं.

आज लाँड्रीच्या दारावर कागद लागला: 'कृपया दुसऱ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालू नयेत.' आजीने चष्मा लावून तो वाचला, मान डोलावली आणि म्हणाली, "बरोबर आहे. लोक कशाही घालतात."

जॅस, हे वाचून तू हसली असशील तर छान. नसशील हसली तर का ते मला कळतं. मीही त्या दिवशी तुझ्या परसात उभी होते. तू बाळाशेजारी झोपली होतीस. तुझी सासू, डेनची आई पॉलीन, व्हरांड्यात चहा पीत होती. तू उठून बाहेर आलीस तर तुझी खांबावर छत्रीसारखी फिरणारी सगळी तार आजीने उतरवून पुन्हा घातलेली. तू खांद्याला चिमटे लावून टांगलेले शर्ट आता खालच्या काठाला चिमटे लावून उलटे लटकत होते, कारण खांद्यावर चिमट्याचे उंचवटे उठले की माणूस गबाळा दिसतो. बाहेरच्या तारेवर, गल्लीच्या तोंडाला घातलेल्या चड्ड्या आतल्या तारेवर गेल्या होत्या, चादरींच्या आड. प्रत्येक जोडीला एकाच रंगाचे चिमटे. पॉलीन म्हणाली, "बघ जसिंटा, आता कशी तार दिसते." आणि तू आजीला म्हणालीस, "हे माझं घर आहे, आजी. माझी तार आहे. पुन्हा येऊ नकोस."

तुला 'पुन्हा हात लावू नकोस' म्हणायचं होतं का, हे विचारायचं मी तेव्हापासून टाळतेय. आजीने जे ऐकलं ते पाळलं. आपली चिमट्यांची पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसली. ओटिसच्या वाढदिवसाला येत नाही ती रागाने नव्हे. तिला येऊ नको सांगितलंय म्हणून येत नाही.

इथे बाजारात खूप छान विणलेल्या टोपल्या होत्या. आजीने एक घेतली. कशासाठी ते विचारू नकोस.

तालिया


शुक्रवार, १६ ऑगस्ट
समुद्रात

जॅस,

तुझं उत्तर आलं. एकच ओळ: 'चिमटे नेलेत का तिने?'

मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की तिच्यात सगळं सापडलं आणि काहीच सापडलं नाही. यात हो आहे की नाही आहे? तरी उत्तर देते. हो, नेलेत. पूर्ण पिशवी. आणि ते वाया गेलेले नाहीत. डेकवर वारा इतका की खुर्चीवर टाकलेला टॉवेल समुद्रात जातो. आजीने आपला टॉवेल दोन्ही बाजूंनी चिमट्यांनी खुर्चीला अडकवला. शेजारच्या बाईने मागितले, मग तिच्या शेजारच्या बाईने. आता पोहायच्या तलावाभोवती जिकडे बघावं तिकडे आजीचे निळे चिमटे. लोक तिला 'चिमटेवाली' म्हणून हाक मारतात आणि ती हात वर करते. चिमटे परत कसे गोळा करणार याची काळजी फक्त मला आहे.

पण सांगायचं वेगळंच आहे. काल आजीचेच कपडे ड्रायरमध्ये होते. आम्ही जेवून परत आलो तर ते टोपलीत, आणि घड्या नाहीत. गुंडाळलेले. प्रत्येक ब्लाऊज, प्रत्येक पँट घट्ट वळकटी करून, सॉसेज रोलसारखी ओळीत लावलेली. वर एक बडीशेपेची गोळीही ठेवली होती. हे डेसचं काम हे मला तिथल्या तिथे कळलं. नौदलात छोट्या कपाटात कपडे असेच कोंबतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

आजीचा चेहरा बघायला हवा होतास तू. तिने एक वळकटी उचलली, मेलेला उंदीर धरतात तशी.

"कुणी केलं हे?"

मी म्हटलं, कुणीतरी मदत केली असेल.

"मदत? मी मागितली होती? माझे कपडे आहेत हे. मी घालते, मी धुते. कोण कुठला येतो आणि माझ्या कपड्यांना…"

आणि ती तिथेच थांबली. वाक्य तसंच हवेत. मी ड्रायरच्या जाळीतला लोकरीसारखा कचरा काढायला लागले, फार मन लावून. तिने वळकट्या उलगडल्या, घड्या घातल्या, एकेक, सावकाश.

रात्रीच्या जेवणात गोड म्हणून क्रीमची पाव्हलोव्हा होती. आजीला ती आवडते, पण चमच्याने नुसतं क्रीम इकडून तिकडे करत होती. मग म्हणाली, "जॅसला असंच वाटलं असणार, नाही का गं?"

मी मान वर केली नाही. केली असती तर तिने विषय बदलला असता.

"हो," मी म्हटलं. "साधारण असंच."

"हं," ती म्हणाली आणि पाव्हलोव्हा संपवली. माझीसुद्धा.

हे मी तुला सांगावं की नाही यावर खूप विचार केला. ते तिने मला सांगितलं होतं, तुला नाही. पण नाव तुझं घेतलं होतं. म्हणून सांगितलं.

तालिया


शनिवार, १७ ऑगस्ट
समुद्रात, शेवटचा दिवस

जॅस,

आज जे झालं ते अख्ख्या जहाजाला कळलंय, त्यामुळे तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

दुपारी आम्ही डेकवर होतो. आजी खुर्चीत डुलकी घेत होती. जहाजाच्या धुराड्याला काय उबळ आली कुणास ठाऊक, एकदम काळा लोट बाहेर पडला आणि वारा फिरल्यामुळे तो थेट आमच्या डोक्यावर उतरला. काळे कण तरंगत खाली येऊ लागले. आजीने डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते. ती उभी राहिली आणि ओरडली, "ऊस पेटवला! कपडे आत घ्या!"

आणि धावली. जॅस, ती खरोखर धावली. खुर्च्यांवरचे टॉवेल, कठड्यावर वाळत टाकलेले पोहायचे कपडे, कुणाचा शर्ट, कुणाची टोपी, चिमटे फटाफट काढत सगळं काखोटीला मारत निघाली. सिडनीची मंडळी आ वासून बघत बसली. पण मॅकायची दोन कुटुंबं आणि इनिसफेलची एक बाई, त्यांनी वर बघितलं, काळे कण बघितले आणि विचार न करता उठून तीही टॉवेल ओढायला लागली. तोडणीआधी पेटवलेल्या उसाची काजळी आयुष्यभर झेललेली, उसाच्या गावची माणसं समुद्राच्या मधोमध कपडे वाचवत होती. आजीने डेसच्या अंगावर ओला ढीग टाकला आणि म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? जिन्यात ने." ते घेऊन गेले. हुकूम मोडायची सवय नसावी.

मग लोट संपला. वेटर पळत आला. एक मुलगा टॉवेल हरवला म्हणून रडायला लागला. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो होतो, मांडीवर परक्यांचे ओले टॉवेल, आणि आजी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डेसही हसत होते. आजीने त्यांच्याकडे बघून विचारलं, "वळकट्या तूच केल्यास ना रे?" ते म्हणाले, "जीन्सला धार तुम्हीच पाडलीत ना?" दोघंही काही कबूल झाले नाहीत. डेस टॉवेल वाटायला गेले.

आजी हसता हसता गप्प झाली. म्हणाली, "त्या दिवशीपण असंच झालं."

मी विचारलं, कुठल्या दिवशी.

"जॅसकडे. ती झोपलेली. मी दारात उभी होते. धुराचा वास आला. बाळाचे लंगोट बाहेर, दुधाचे फडके बाहेर. मला दुसरं काही दिसलंच नाही, पोरी. अख्खी तार उतरवली. मग कुंपणापलीकडे बघितलं तर शेजारचा माणूस सॉसेज करपवत होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? ब्रिस्बेनात ऊस कुठे आलाय? ती पॉलीनबाई समोर चहा पीत बसलेली. म्हणाली असती, म्हातारीला भ्रम झाला. बाळाजवळ ठेवू नका हिला." ती टॉवेलचा काठ सरळ करत होती. "त्यापेक्षा खाष्ट म्हटलेलं परवडलं."

 मग तीच म्हणाली, "पण उतरवल्यावर पुन्हा होती तशी घालायला हवी होती. मी म्हटलं, हातात आहेच तर नीट घालू. तेवढं माझं चुकलं. तेवढंच नव्हे म्हणा, तेच चुकलं."

जॅस, तू उठलीस तेव्हा धूर विरला होता. मी मागच्या दाराशी होते, वास मलाही आला होता. पण मी मान वळवून पुन्हा मोबाइल बघितला. मी उसाच्या गावची असून नसल्यासारखी झाले आहे, आणि आजी अजून तिथलीच आहे, एवढाच फरक.

मग मला राहवेना. रविवारचं तिला सांगून टाकलं. तुला विचारलंय म्हणून. तिने टॉवेलचा काठ पुन्हा एकदा सरळ केला. मग: "हो म्हणाली?"

"अजून नाही. चिमटे नेलेत का एवढंच विचारलं तिने."

आजी हळूच हसली. का ते मला कळलं नाही.

शेवटच्या दिवशी लाँड्रीत झुंबड असते, घरी धुतलेल्या कपड्यांची बॅग न्यायची म्हणून. संध्याकाळी मी डोकावले तर चमत्कार, एक मशीन रिकामं. धावत केबिनमध्ये आले आणि आजीला म्हटलं, जा, मी आईला सांगणार नाही. तिने आपले मळके कपडे सगळे त्या विणलेल्या टोपलीत भरून ठेवले होते. जागची हलली नाही.

"असू दे मशीन," म्हणाली. "हे जॅसकडे देईन. बोलावलं तर. ती धुवेल, ती वाळत घालेल. मी खुर्चीत बसेन."

मी वर पाहिलं. ती गंमत करत नव्हती. ज्या बाईने आयुष्यात आपला रुमालसुद्धा दुसऱ्याला धुवायला दिला नाही, ती टोपलीवर हात ठेवून बसली होती.

मी हे लिहीत असताना ती शेजारी आहे. तिला वाचून दाखवलं. न विचारता पाठवणं बरोबर नव्हतं. दोन ठिकाणी म्हणाली, एवढं कशाला लिहितेस. आता खाली स्वतः एक ओळ घालायची म्हणते. एका बोटाने लिहितेय, वेळ लागेल.

चड्ड्या बाहेरच्या तारेवर घाल हवं तर. आजी


रविवार, २५ ऑगस्ट
बंडाबर्ग

जॅस,

आता फोन केला तरी चालेल हे मला माहीत आहे. पण सवय लागली. शिवाय मागच्या रविवारी तू परसात होतीस, तुझी पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत आणि मला दिसल्या. त्या माझ्याकडे ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

तू आजीचा लाल फुलांचा शर्ट खांद्याला चिमटे लावून टांगलास तेव्हा तिने खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरलं होतं. डेनने चहा आणला तर तिला कप घेता येईना. चड्ड्या तू बाहेरच्या तारेवर, थेट गल्लीकडे तोंड करून लावल्यास, आणि मागे वळून हसलीस, तेव्हा ती ओटिसला म्हणाली, "बघ राजा, तुझ्या पणजीचा झेंडा." मग ओटिसने पिशवीतला एकेक चिमटा काढून तिच्या बाहीला लावला. तू वळलीस तेव्हा ती चिमट्यांनी भरलेली होती आणि एकही सरळ करत नव्हती. तेव्हा तू आत निघून गेलीस, पाणी प्यायला म्हणून. आम्ही मागे आलो नाही. बरोबर केलं ना?

इकडची बातमी. काल शेजारच्या शेतात खरंच ऊस पेटवला. सगळी गल्ली कपडे काढायला धावली, आजी सर्वांत पुढे. डेसची मेल आली आहे, त्यांनी टॉवेलची घडी करून फोटो पाठवलाय. आजी म्हणाली, प्रयत्न आहे.

आज ती तो लाल फुलांचा शर्ट घालून क्लबात गेली. तुझ्या चिमट्यांचे दोन उंचवटे अजून खांद्यांवर तसेच, शिंगांसारखे. इस्त्री शेजारच्या खोलीत होती.  क्लबात तिच्याबरोबर खेळणारी नोलीन तिला म्हणाली, "मर्ल, हे काय, खांद्यातून कोंब फुटले का?" आजीने आधी एका खांद्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, कुणी पदक लावल्यासारखं.

"नातीकडून धुऊन आलाय," म्हणाली आणि चेंडू टाकायला गेली.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, दे तो शर्ट, मशीन लावतेय. ती म्हणाली, "कुठे मळलाय?"

पुढे बीटाचा मोठा डाग आहे, जॅस. मला दिसतो, म्हणजे तिला दिसतोच.

तालिया